शिपकोवाबाईंच्या अळंब्यांचं ठिकाण

नॉर्मन पिकरिंगने नेलेला कुठलाही फोटो प्राध्यापक व्हर्बा आधी लांब धरायचे, मग नाकापाशी आणायचे, मग चष्मा कपाळावर सरकवून एकच प्रश्न विचारायचे.

"ठिकाण कुठंय?"

आता फोटो प्रागमध्येच काढलाय हे नॉर्मन शपथेवर सांगायला तयार होता. पण व्हर्बांना तसलं ठिकाण नको होतं. त्यांचं म्हणणं, डॉक्युमेंटरी फोटोत माणूस एक वेळ हलला तरी चालेल, जागा बोलली पाहिजे. नाहीतर तो पासपोर्टचा फोटो! एकदा तर त्यांनी नॉर्मनने मोठ्या कष्टाने काढलेला एका म्हाताऱ्याचा फोटो सगळ्या वर्गाला दाखवला आणि म्हणाले, "हे आजोबा बघा. मागून ट्रक धडकल्यासारखे दिसतायत."

वर्ग हसला. वर्गातली बहुतेक पोरं नॉर्मनच्या मुलीपेक्षाही लहान होती, त्यामुळे ती मोकळेपणाने हसली. नॉर्मनला मात्र ते वर्मी लागलं, कारण तेच खरं होतं. अमेरिकेत, टोलेडोच्या विमा कंपनीत त्याने उभा जन्म पोचे आलेल्या गाड्यांचे फोटो काढण्यात घालवला होता. पोचा मधोमध यावा, उजेड सपाट पडावा, आजूबाजूचं काही दिसू नये, एवढंच त्याच्या हाताला ठाऊक. पन्नाशी उलटल्यावर एक दिवस त्याला वाटलं, आपण पोच्यांसाठी जन्मलो नाही, प्रागला जाऊन फोटोग्राफी शिकावी. त्याची बायको डोरीन म्हणाली, "ठीक आहे. एक वर्ष. पण पदवी घेऊन यायची. नुसते फोटो घेऊन आलास तर दार उघडणार नाही." आणि बोलल्याप्रमाणे तिने पदवी टांगायला सोफ्याच्या वर भिंतीत खिळाही ठोकून ठेवला. शेजारीपाजारी, चर्चची मंडळी, पोस्टमन, सगळ्यांना तो खिळा दाखवून झाला होता. नॉर्मनला स्वप्नातसुद्धा तो खिळा दिसायचा.

वर्ष संपत आलं होतं आणि खिळ्याला टांगण्यासारखं काहीच जमलं नव्हतं.

अडचण अशी की प्रागमधल्या माणसांना फोटो काढून घ्यायला आवडत नाही. पर्यटकांनी एवढे काढलेत की त्यांचा तो कोटाच संपलाय. शिवाय पदवीसाठी पूल, किल्ला आणि घड्याळ या तिन्ही गोष्टी वर्ज्य. पुलाचा फोटो आणणाऱ्याने त्याच पुलावरून घरी जावं, असं व्हर्बांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं. नॉर्मनने मग ट्रामच्या कारशेडमध्ये फोटो काढायचं ठरवलं. तिथल्या कचेरीने सांगितलं, विद्यापीठाचा शिक्का आणा. विद्यापीठाने सांगितलं, कारशेडच्या पत्राशिवाय आम्ही शिक्का मारत नाही. शेवटी एका दयाळू कारकुनाने शिक्का मारून दिला, तर कारशेडमधल्या बाईने कागद खिडकीतून परत सरकवला. शिक्का चौकोनी होता. त्यांना गोल लागतो.

राहत्या इमारतीत प्रयत्न केला तिथेही तेच. मधल्या अंगणाभोवती गॅलऱ्या आणि प्रत्येकाचं लक्ष दुसऱ्याच्या दारात, अशी ती इमारत. म्हणजे विषयाची खाणच. पण कुणाच्याही दारात गेलं की आधी बूट काढायचे. नॉर्मन बूट काढायला वाके आणि त्याच्या मोज्यातून अंगठा बाहेर येई. अंगठा बाहेर काढून उभ्या असलेल्या माणसाला कलावंत म्हणून कोण मानणार? यजमानीण पाहुण्यासाठीच्या सपाता पुढे करी आणि कीव येऊन केक देई, पण फोटोचं नाव काढलं की, "माझे केस बघा हो कसे झालेत," म्हणून दार लावून घेई.

सल्ला मात्र सगळे देत. "तुम्ही पुलाचा का काढत नाही?" तिसऱ्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण म्हणाली. "छान दिसतो." तळमजल्यावर औत्राता म्हणून निवृत्त ट्रामचालक होते. जन्मभर घंटा वाजवल्यामुळे ते अजूनही दोन वाक्यांच्या मध्ये थांबून लोक बाजूला होण्याची वाट बघत. ते म्हणाले, "साहेब, माणसं सोडा. कुत्री काढा. कुत्र्यांची परवानगी लागत नाही."

नॉर्मनने कुत्री काढली. व्हर्बांनी फोटो लांब धरला, नाकापाशी आणला. "ठिकाण कुठंय?"

नॉर्मन भाड्याने राहायचा तो क्वेता शिपकोवा या विधवा बाईंकडे. बाई बुटक्या, जाड काचांचा चष्मा, बोलणं कमी. नॉर्मनची चेक भाषा अपमान समजण्यापुरती पक्की झाली होती, त्यामुळे दोघांचं बरं जमे. पावसाळी शरद लागला आणि एका सकाळी तो स्वयंपाकघरात आला तर टेबलभर वर्तमानपत्रं पसरलेली आणि त्यावर अळंबी. तपकिरी टोपीची, उंच, पांढऱ्या देठावर काळे ठिपके असलेली, अजून मातीचा वास येणारी. बाई एक एक अळंबं सुरीने खरवडून पुसत होत्या. घरातला कुठलाच कोपरा नॉर्मनला इतका सुंदर दिसला नव्हता.

"वा! कुठून आणलीत हो?" त्याने विचारलं.

बाईंची सुरी थांबली. त्यांनी चष्म्यावरून नॉर्मनकडे असं पाहिलं की त्याला आपल्या सगळ्या कपड्यांची बटणं तपासावीशी वाटली. "जंगलातून," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्याला सूप मिळालं, पण त्यात अळंबी नव्हती.

औत्रातांनी ऐकलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "साहेब, असं विचारतात का? माणसाला बायकोचं वय विचारावं, पगार विचारावा. अळंबी कुठून आणली हे नाही विचारू. प्रत्येक घराची आपली जागा असते. बाप मुलाला सांगतो, तेसुद्धा शेवटच्या आजारात. माझा बाप अचानक गेला," आणि इथे ते ट्राम थांबवल्यासारखे थांबले, "तेव्हापासून आम्ही विकत आणतो."

मग जिन्याकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "शिपकोव्यांची जागा म्हणजे सगळ्या गल्लीत एक नंबर. नवऱ्याने जाताना बाईला दाखवली. मी कित्येक शरद त्या बाईच्या पाठीमागे गेलोय. दर वेळी ती मला मधल्याच एखाद्या स्टेशनवर सोडून गायब होते. तुम्हाला कळलं तर..."

नॉर्मनला मात्र वेगळंच कळलं होतं. विषय मिळाला होता! विधवा बाई, जंगल, नवऱ्याने दाखवलेली गुप्त जागा. ठिकाण म्हणजे किती ठिकाण! त्या दिवसापासून त्याने बाईंचं कोळशाचं पोतं वर आणून दिलं, खिडक्या पुसल्या, त्यांच्या मांजराशी मैत्री केली. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही म्हणून एक दिवस सरळ हात जोडले. पदवी, डोरीन, खिळा, सगळं सांगितलं. सांगता सांगता त्याला खरंच रडू आलं, आणि हे त्याने ठरवून केलं नव्हतं.

शिपकोवाबाईंनी बराच वेळ मांजराला कुरवाळलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी. मोठा कॅमेरा घ्या."

शुक्रवारी पहाटेच्या गाडीने ते गेले. जंगलात पायवाटेच्या फाट्यावर एक पाटी होती. तिच्यावर जागेचं नाव, 'तीन धोंडे', आणि स्टेशनकडे जाणारा बाण. बाई तिथेच थांबल्या. "इथेच. तुम्ही तुमची ती काच बदला तोवर." नॉर्मनने पाठ वळवून लेन्स बदलली आणि वळून बघतो तर बाई पाटीखाली गुडघ्यावर बसलेल्या, पुढ्यात शेवाळात अळंबी, झाडांमधून तिरपा उजेड आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी. त्याने एकामागून एक फोटो काढले. पोच्याचा तो कधी दुसरा काढत नसे.

"पाटी आली का नीट?" बाईंनी विचारलं.

"आली, आली!" नॉर्मन म्हणाला. केवढं मन या बाईचं, असं त्याला वाटलं.

व्हर्बांनी फोटो लांब धरला. नाकापाशी आणला. चष्मा कपाळावर सरकवला आणि काहीच बोलले नाहीत. त्यांनी तो पुरुषभर उंच छापून घेतला आणि वर्षअखेरच्या प्रदर्शनात दारासमोरच्या भिंतीवर लावला. नॉर्मनने डोरीनला फोन केला, तिने खिळा जरा आणखी आत ठोकला.

उद्घाटनाला सगळी इमारत आली. नॉर्मन नवा टाय लावून फोटोशेजारी उभा राहिला. लोक येत, वाइनचा पेला घेत, फोटोसमोर थबकत, आणि तिथेच खिळून राहत. नॉर्मनचा ऊर भरून आला. मग त्याच्या लक्षात आलं की बाईंच्या चेहऱ्याकडे कुणीच बघत नाहीये. दातांची डॉक्टरीण पायाच्या चवड्यांवर उभी राहून वर बघत होती. एका गृहस्थांनी पत्नीचा चष्मा मागून घेतला. विद्यापीठाचा दरवान फोटोचा फोटो काढत होता, फक्त वरच्या कोपऱ्याचा. औत्राता ओठ हलवत पाटी अक्षर अक्षर वाचत होते, आणि वाचून झाल्यावर ते पेला तसाच ठेवून निघून गेले.

करायला गेलो काय आणि झालं काय! नवऱ्याने बायकोच्या ओटीत टाकलेली जागा नॉर्मनने पुरुषभर उंच करून भिंतीवर टांगली होती. बाई कोपऱ्यात खुर्चीवर बसून शांतपणे खारे बदाम खात होत्या, म्हणजे त्यांना अजून कळलं नव्हतं. त्यांच्याजवळ जायचा त्याला धीर झाला नाही.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी इमारतीच्या जिन्यात पहाटेपासून पावलं वाजत होती. सगळे चवड्यांवर चालत होते आणि सगळ्यांच्या टोपल्या कठड्याला आपटत होत्या. नॉर्मन पावसात धावत सुटला. मिळेल ती गाडी पकडून तो जंगलात पोचला आणि 'तीन धोंडे'च्या पाटीखाली हात पसरून उभा राहिला.

"इथे काही नाही!" तो ओरडला. "परत जा! शप्पथ सांगतो, इथे काही नाही!"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. एखादा माणूस पावसात उभा राहून इतक्या कळवळ्याने 'काही नाही' म्हणतोय, म्हणजे इथे टोपल्यांनी असणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. गर्दी त्याच्या दोन्ही बाजूंनी आत शिरली. औत्राता जाताना म्हणाले, "साहेब, शिकलात हो तुम्ही आमची भाषा!" थोड्या वेळाने एका झाडामागून प्राध्यापक व्हर्बा बाहेर आले. हातात टोपली होती, ती त्यांनी पाठीमागे नेली.

"मी ठिकाण बघायला आलो होतो," ते म्हणाले.

संध्याकाळी नॉर्मन घरी आला तो ओलाचिंब, घसा बसलेला, अंगात कणकण. बाईंनी दार उघडलं तसा तो उंबऱ्यातच बूट काढायला खाली बसला आणि उठलाच नाही. "माझ्यामुळे गेलं सगळं," तो म्हणाला. "तुमची जागा. मी त्यांना अडवत होतो. दिवसभर अडवत होतो. कुणी ऐकलं नाही. मला घराबाहेर काढा तुम्ही."

बाईंच्या पोटातून काहीतरी हलायला लागलं, आणि त्या भिंतीला टेकून हसल्या. चष्मा काढून हसल्या.

"अहो पिकरिंग, कॅमेरा घेतलेल्या माणसाला मी माझ्या जागेवर नेईन? मला काय वेड लागलंय? ती अळंबी मी आदल्या दिवशीच काढून आणली होती. टोपलीच्या तळाशी, फडक्याखाली. तुम्ही काच बदलत होतात तेव्हा शेवाळात खोचून दिली. तुम्हाला फोटो मिळाला, आणि औत्रातांना एकदाची जागा मिळाली. किती वर्षं माझ्या मागे फिरत होते बिचारे."

"पण तुमच्या डोळ्यांत पाणी होतं!"

"गुडघ्यात कळ आली होती."

नॉर्मन उंबऱ्यातच बसून राहिला. अपराध धुऊन गेला म्हणून त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी त्याला भयंकर एकटं वाटलं. वर्षभरात कुणीतरी आपल्यावर विश्वास टाकला असं त्याला वाटत होतं, तो विश्वासही टोपलीच्या तळाशी फडक्याखालून आलेला निघाला. "म्हणजे तुम्ही मला जागा दाखवलीच नाहीत," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला.

बाईंचं हसू थांबलं. त्यांनी त्याच्या ओल्या मोज्यांकडे पाहिलं, बाहेर आलेल्या अंगठ्याकडे पाहिलं. "दिवसभर उभे होतात?" त्यांनी विचारलं. "पावसात? माझ्या जागेसाठी?"

"तुमची ती जागाच नव्हती."

"ते तुम्हाला कुठे ठाऊक होतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी सपाता पुढे सरकवल्या. "उद्या ताप उतरला तर चला. कॅमेरा इथेच ठेवायचा. खिशात फोन असेल तर तोही."

ते कुठल्या गाडीने गेले, कुठे उतरले, किती वेळा मुद्दाम उलट्या दिशेला जाऊन परत फिरले, हे इथे सांगायचं कारण नाही. एवढं खरं की तिथे बर्चची पांढरी झाडं होती आणि त्यांच्या बुंध्यांशी अळंबी उभी होती, कुणीही न खोचलेली. बाईंनी एक बुंधा हाताने चाचपला आणि गेलेल्या नवऱ्याशी बोलावं तसं त्याच्याशी बोलायला लागल्या.

"मिलोस्लाव, हा पिकरिंग. आपल्याकडे राहतो. अमेरिकन आहे, पण तोंड बंद ठेवील असं वाटतंय. माझे गुडघे गेले, वाकायला कुणीतरी लागेल. रागावू नकोस."

मग त्या बुंध्याला टेकून उभ्या राहिल्या. उजेड असा पडला होता की नॉर्मनचा हात आपोआप छातीशी गेला, कॅमेरा असतो तिथे. तिथे कोटाचं बटण होतं. आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो त्याच्या समोर उभा होता, ठिकाणासकट, आणि त्याच्या दुसऱ्या हातात टोपली होती. त्याला रडावंसं वाटलं. त्याने खाली वाकून अळंबी काढायला सुरुवात केली.

पुढच्या आठवड्यात विद्यापीठाने त्याला बोलावलं. 'तीन धोंडे'च्या जंगलातून रिकाम्या टोपलीने परतल्यावर व्हर्बांनी फोटो पहिल्यांदा पाटी सोडून बघितला होता. परीक्षक तिघे होते, आणि तिघांनाही सर्दी झाली होती.

"ही अळंबी बर्चखाली येतात," व्हर्बा टेबलावर बोट आपटून म्हणाले. "बर्चखालीच! आणि 'तीन धोंडे'ला औषधालाही बर्च नाही. म्हणजे फोटो मांडून काढलाय. डॉक्युमेंटरीत हे चालत नाही, पिकरिंग. नापास."

नॉर्मनने मान खाली घातली. भिंतीवरचा खिळा त्याला स्पष्ट दिसला.

"अर्थात," दुसरे परीक्षक नाक पुसत म्हणाले, "बाई खऱ्या आहेत. अळंबीही खरी आहेत. प्रश्न फक्त फोटोखालच्या ओळीचा. ठिकाण चुकलंय. ते दुरुस्त करून देता येतं." त्यांनी कुणी ऐकत नाही ना हे पाहिलं आणि उठून खिडकी लावली. तिसऱ्या परीक्षक बाईंनी पिशवीतून एक नकाशा काढला, त्याची घडी उलगडली आणि नॉर्मनच्या पुढ्यात पेन्सिल ठेवली.

"खरं ठिकाण सांगा," व्हर्बा हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकी माया नॉर्मनने वर्षभर ऐकली नव्हती. "ठिकाण सांगा आणि पदवी घ्या."

खोलीत तिघांच्या सर्दीचा आवाज येत होता. नॉर्मनने पेन्सिल उचलली. टोलेडोचा सोफा, शेजारी, पोस्टमन, डोरीनचा हातोडा, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. मग त्याने पेन्सिल नकाशावर आडवी ठेवली.

"मला आठवत नाही," तो म्हणाला.

तिघांनी एकदम निःश्वास टाकला. व्हर्बा त्याला दारापर्यंत सोडायला आले आणि त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "माणूस म्हणून मी तुमच्यापुढे टोपी काढतो, पिकरिंग," ते म्हणाले. "विद्यार्थी म्हणून तुम्ही नापास."

त्या संध्याकाळी डोरीनचा फोन आला तेव्हा नॉर्मन स्वयंपाकघरात बसला होता. खिडकीत दोऱ्यात ओवलेली अळंबी वाळत होती आणि शिपकोवाबाई शेपू घातलेलं आंबट सूप पळीने ढवळत होत्या. त्याने सगळं सांगितलं, कारण दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतंच. पलीकडे एवढी शांतता पसरली की टोलेडोतला फ्रिज ऐकू यायला लागला.

"मग त्या खिळ्याला काय टांगू मी?" डोरीनने शेवटी विचारलं. "तुझा कोट? एक वर्ष, नॉर्मन! सगळे विचारतायत. एका म्हातारीच्या अळंब्यांसाठी पदवी सोडलीस तू?"

"हो, डोरीन."

"असं आहे तरी काय तिथे? कुठंय ती जागा? निदान मला तरी सांग. मी बायको आहे तुझी!"

शिपकोवाबाईंना इंग्रजीचा गंधही नव्हता. पण चुलीपाशी त्यांची पळी थांबली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, फक्त त्यांची पाठ ताठ झाली. मांजरानेही कान टवकारले.

नॉर्मनने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"जंगलात," तो म्हणाला.

पळी पुन्हा फिरायला लागली.